दगडाला भ्यालेली पटाशी

हत्यारं आपसात बोलायची त्या काळची गोष्ट. विसोबा सुताराच्या पेटीत लाकूड कोरायची नवी पटाशी आली. शेजारची म्हातारी पटाशी झिजून बोटाएवढी उरलेली पाहून तिनं घाबरून विचारलं,

"आजी, तुम्हाला कुणी खाल्लं?"

"धारेच्या दगडानं, बाई. रोज थोडं थोडं."

तेव्हापासून विसोबाचा हात पेटीत शिरला की नवी तळाच्या ओल्या भुशात दडायची.

खंडेनवमीला पूजेसाठी विसोबानं पेटी उपडी केली, तेव्हा ती सापडली. लांबलचक, पण गंजानं खड्डे पडलेली.

"हिला आता धार चढायची नाही," म्हणत त्यानं आजीलाच पाटावर मांडलं.

पुढे त्यानं नवीला खिळे उपटायला घेतलं. पहिल्याच खिळ्याला ती कडकन मोडली आणि दगडापाशी जाऊन पडली. इतक्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

तोही मधोमध झिजून खोलगट झाला होता.