धाकट्याकडून आलेला पेनड्राइव्ह

मॉनिटर पेटीएवढे जाडजूड असायचे, त्या काळची गोष्ट. बॅनर छापणाऱ्या एका दुकानात दोन संगणक भावांसारखे राहत. थोरल्यात विंडोज होतं, धाकट्यात लिनक्स. धाकटा चित्र जुळवायचा, पेनड्राइव्ह ते थोरल्याकडे न्यायचा आणि थोरला छापायचा. थोरला मात्र प्रत्येक पेनड्राइव्ह अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय उघडत नसे.

एके दिवशी गावच्या कबड्डी संघाने तालुक्याचा चषक जिंकला! गुलालाने माखलेली पोरं दारात नाचू लागली. "मिरवणूक निघाली! या पेनड्राइव्हमध्ये संघाचे फोटो आहेत, बॅनर द्या लवकर!" धाकट्याला तर धीरच धरवेना.

"फोटोंसोबत काहीतरी वाईट आलंय," पेनड्राइव्ह कुजबुजला. "बघून घे."

"मला काय होतंय? ते विषाणू विंडोजचे. माझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही!" धाकटा म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याने झटक्यात बॅनर जुळवला.

थोरल्याने तपासणी सुरू केली, तसा धाकटा ओरडला, "दादा, ढोल वाजतायत! माझ्याकडून आलंय, तपासतोस कसलं?"

"बरं बाबा, तुझ्याकडून आलंय म्हणून हं," थोरला हसला आणि त्याने पेनड्राइव्ह उघडला.

अर्धा बॅनर छापून झाला आणि थोरल्याचा पडदा काळा पडला. तो पुन्हा उजळलाच नाही.

आता त्या जागी नवा विंडोजवाला बसतो. धाकटा आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तपासतो.

"लिनक्सवाल्याला कसली रे भीती?" एक पेनड्राइव्ह खिदळला.

"मला नाही," धाकटा म्हणाला. "पण इथून तू त्याच्याकडे जाणार आहेस."