चिनी मातीची डबी

फार पूर्वी, तपकीर ओढण्यात मोठा रुबाब होता तेव्हा, एका बंदरगावात एक वेलदोड्यांचा व्यापारी राहत होता. घरात एकटाच. पण संध्याकाळी शेजारचा म्हातारा शिंपी ओट्यावर येऊन बसे. उघडलेली डबी आधी दुसऱ्यापुढे धरायची अशी रीत होती. म्हणून व्यापारी आपली पितळी डबी आधी शिंप्यापुढे धरी. मग दोघेही सणसणीत शिंकत आणि एकमेकांना म्हणत, "शतायुषी व्हा!"

एकदा परदेशी गलबताच्या कप्तानाने व्यापाऱ्याला चिनी मातीची डबी भेट दिली. पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची, झाकणावर नाजूक हाताने रंगवलेले गुलाब. व्यापारी हरखला आणि लगेच धास्तावलाही. शिंप्याची बोटं थरथरतात, हातून पडली तर?

पितळी डबी आता त्याला हलकी वाटू लागली, ती माळ्यावर गेली. नवी ओट्यावर काढावी तर पुढे धरावी लागणार! म्हणून हा शहाणा दार लावून एकटाच तपकीर ओढू लागला. शिंक ऐकून भिंतीपलीकडून शिंपी म्हणे, "शतायुषी व्हा, शेठ!" हा मात्र गप्प, जणू शिंकलाच नाही.

एका संध्याकाळी शिंप्याने दार वाजवलं. खांद्यावर गाठोडं होतं.

"शेठ, लेकीकडे कायमचा निघालो. होडी धक्क्याला लागलीये. जाताना एक चिमूट द्या."

व्यापाऱ्याचा हात कमरेच्या डबीवर गेला आणि तिथेच थांबला. "संपली हो, दादा. कालच संपली."

शिंप्याने कनवटीची पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "मग ही राहू द्या. तपकिरीवाचून संध्याकाळ कशी जायची तुमची?"

तो गेला. व्यापाऱ्याने पुडी रिकामी करायला डबी उघडली. डबी काठोकाठ भरलेली होती. मित्राची चिमूटभर तपकीरही तिच्यात मावेना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. उघडी डबी हातात धरून तो धक्क्याकडे धावला, पण होडी पार लांब गेली होती.

त्याने माळ्यावरची पितळी डबी उतरवली. तेव्हापासून तो रोज ओट्यावर बसे, डबी आधी शेजारच्या रिकाम्या जागेपुढे धरी, मग स्वतः चिमूट घेई. शिंक येई. मग तो शिंप्याच्या भिंतीकडे कान देऊन बराच वेळ बसून राही.

तात्पर्य एवढंच: जी वस्तू जपण्यासाठी आपण माणसाला दाराबाहेर ठेवतो, ती वस्तू शाबूत राहते आणि आपण एकटे पडतो.