शेषरावांचा गोतावळा

एका गावात एक कारभारी होता. गाव कुठलं म्हणाल, तर यशोधराताईंच्या वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातलं! तिथली सगळी वस्ती प्रोग्रामची. कारभाऱ्याचं नाव शेषराव. बटण दाबलं की सगळ्यांत आधी शेषराव उठायचे आणि मग बाकीच्यांना उठवायचे. हा कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा, आणि लिनक्सच्या गावात या मानकऱ्याला इनिट म्हणतात.

काम मानाचं, पण शेषरावांना तेवढ्यावर चैन कुठली! "घड्याळ मीच बघणार, नोंदी मीच ठेवणार, दारंही मीच उघडणार," असं करत त्यांनी सगळा कारभार ओढून घेतला. कामं वाढली तसे पुतणे आले, मेव्हणे आले. गरज असो नसो, सगळे उठून बसायचे. वर नियम काय, तर नव्या प्रोग्रामने गावात येताना शेषरावांचे नातलग सोबत आणलेच पाहिजेत. बिचारा साधा कॅल्क्युलेटर राहायला आला, तर त्याच्यामागे ही वरात! मेमरीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

एके सकाळी यशोधराताई मुलांसाठी गोष्ट टाइप करायला बसल्या. एक अक्षर उमटेपर्यंत चहा गार झाला. "जळलं मेलं हे डबडं!" ताई कडाडल्या. "आज संध्याकाळी भंगारवाल्याला देऊनच टाकते."

गावात रडारड सुरू झाली. शेषरावांनी आधी सगळ्यांनाच आळशी म्हणून झापलं. तेव्हा टायपिंगबाई पदर खोचून पुढे आल्या.

"कारभारी, मला अक्षरं उमटवायचीत. त्यात तुमच्या मेव्हण्यांचं काय काम? तुम्ही आम्हाला वेळेवर उठवा, तेवढं पुष्कळ झालं!"

शेषराव तोंड फुगवून बसले. पण आपल्या मानापायी अख्खं गाव भंगारात जाणार, हे त्यांच्या जिवाला लागलं. त्यांनी तो नियम स्वतःच मोडला. बिनकामाच्या पाहुण्यांना हात जोडून निरोप दिला. उरलेल्यांना म्हणाले, "झोपा आता. कुणी हाक मारली तरच उठा."

दुपारी ताईंनी शेवटचं म्हणून बटण दाबलं. शेषराव उठले, लागतील तेवढ्यांनाच उठवलं आणि गुपचूप बाजूला बसले.

"अगं बाई, लागला की पटकन!" ताई हरखल्या. बघता बघता गोष्ट लिहून झाली. भंगारवाला आला, तो पाणी पिऊन हात हलवत परत गेला. शेषरावांचं नाव कुणी काढलं नाही, पण इतका आनंद त्यांना कारभार गाजवताना कधी झाला नव्हता.

तात्पर्य: ज्याने सगळ्यांना उठवायचं, त्याने सगळ्यांच्या उरावर बसू नये.