कस्तुराचं लांबलचक गाणं

फार वर्षांमागे एका रानात दर चैत्रात जत्रा भरे. कस्तूर पक्षी हळूहळू उलगडणारं गाणं सुरू करी. पण जत्रेचं कारभारी माकड त्याला लगेच उठवून बेडकांना गायला बसवी. "जनावरांना अवघड गाणं कळत नाही," ते म्हणे.

एका वर्षी काटेरी साळू संतापली. "कळत नाही? कधी पुरतं ऐकू दिलंस त्यांना?" काटे फुलवून ती माकडाच्या वाटेत उभी राहिली.

कस्तूर गायला. काही ससे कंटाळून निघून गेले. उरलेली जनावरं मात्र शेवटी श्वास रोखून बसली होती.

"वा!" माकड म्हणालं. "पुढच्या वर्षी फक्त शेवटचा तुकडा गा."

"खबरदार!" चिखलाने माखलेलं रानडुक्कर गरजलं. "पहिल्यापासून गाऊ दे त्याला!"