मिशाळकाकूंची गोरी सून

फार वर्षांपूर्वी माणसांनी पहिला ओटा बांधला, तेव्हाच त्याच्याखाली झुरळांनी संसार मांडला. तिथल्या मिशाळकाकूंना मुलासाठी गोरीच सून हवी होती. तपकिरी म्हणून त्यांनी चौदा मुली नाकारल्या. शेवटी कंटाळून मध्यस्थ मुंगळ्यानं सकाळीच कात टाकलेली, अजून पांढरीशुभ्र असलेली मुलगी दाखवायला आणली.

“अगंबाई, अगदी दुधासारखी!” काकू हरखल्या. साबणाची वडी कुरतडत बैठक लांबली आणि दुपारपर्यंत मुलगी काकूंइतकीच तपकिरी झाली.

“मुंगळेभाऊजी, फसवलंत आम्हाला!” काकू कडाडल्या.

कोपऱ्यात मिशा साफ करत बसलेले काका म्हणाले, “हळू बोल गं. तू कात टाकलीस, त्याच सकाळी तुझ्या बाबांनी मला घाईघाईनं बघायला बोलावलं होतं.”