भागू कासारीण आणि पितळी मैना

“घराघरात मैना टांगा!” राजा वज्रसेनाने फर्मान काढलं आणि चंदनगडच्या लोकांची बोलतीच बंद झाली.

ही मैना साधी नव्हती. दरबारच्या कारागिराने घडवलेलं पितळी यंत्र ते! घरातला शब्दन् शब्द ऐके, लक्षात ठेवी आणि त्याची जुळवाजुळव करून माणसाच्या मनातलंही ओळखे. विचारायचा अवकाश, घडाघडा सांगून मोकळी. सासुरवाशिणी माहेरची आठवणसुद्धा काढीनाशा झाल्या. नवराबायकोंनी खुणांवर संसार चालवला!

भागू कासारणीने मात्र मैना दारातूनच परत पाठवली. तिच्या ओसरीवर बायका बांगड्या भरायला येत. हात तिच्या हातात दिला की मनातलं सगळं बोलून हलक्या होत. मैना आली असती, तर त्या बिचाऱ्या कुठे बोलल्या असत्या?

शिपायांनी भागूला दरबारात उभं केलं.

“काही लपवायचं असेल, म्हणूनच मैना नको तुला!” राजा गरजला.

“लपवायचं नाही महाराज, झाकायचं आहे. घराला दार कशाला असतं मग?”

“शब्दांचे खेळ नकोत! जिच्यात काडीचंही पाप नाही आणि तरी जी लपवावीच लागते, अशी एक गोष्ट मला दाखव. उद्या राजकुमाराच्या बारशापर्यंत! नाही जमलं तर मैना तुझ्या गळ्यातच बांधतो. गावभर मिरव!”

दरबारी खो खो हसले. भागूने दरबारभर नजर फिरवली; कुठेच मैना नव्हती.

“दाखवते. पण महाराज, फर्मान घराघरासाठी आहे ना? मग राजवाड्यात मैना कशी नाही?”

“आम्ही काय भितो की काय? पाळण्यावरच टांगा रे एक!”

दुसऱ्या दिवशी राजवाडा गजबजून गेला. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. राजाची बहीण आक्कासाहेब म्हणजे बाळाची आत्या. नाव तिने निवडलेलं, आणि ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द राजाने लाडीगोडी लावून पाहिली, पण ती बधली नव्हती.

आक्कासाहेब बाळाच्या कानाशी वाकणार, इतक्यात भागू पुढे झाली.

“मैनाबाई, बाळाचं नाव काय ठरलंय हो?”

मैनेने चोच उघडली. “आक्कासाहेब काल पाळण्यापाशी एकट्याच पुटपुटत होत्या. त्यावरून ओळखलं. बाळाचं नाव—”

“गप्प!” राजाने झेप घेऊन मैनेची चोच मुठीत धरली. “खबरदार! अजून बाळाच्या कानात सांगितलं नाही!”

“पण महाराज,” भागूने विचारलं, “बाळाच्या नावात कसलं आलंय पाप?”

राजाने स्वतःकडे पाहिलं. मैनेची चोच मुठीत, मुकुट कानावर! आधी आक्कासाहेबांना हसू फुटलं. मग राणीला. शेवटी राजाही पोट धरून हसत सुटला.

“हरलो, भागूबाई, हरलो! माग, काय हवं ते माग!”

“मागते की, महाराज. पण आधी हिला बाहेर न्या!”

मैना बाहेर गेली. भागूने राजाच्या कानात काय मागितलं ते कुणालाच कळलं नाही. पण संध्याकाळच्या आत गावातली प्रत्येक मैना खाली उतरली, आणि तिने आजवर ऐकलेलं सारं कारागिराने लोकांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं!