हळद टोकाला

भिवंडीच्या किराणा गोदामात नव्या दळवी साहेबांनी सगळा माल बाराखडीप्रमाणे लावला. 'ह'ची हळद पार टोकाला गेली आणि ती तर प्रत्येक ऑर्डरीत! माल काढता काढता कुंदाच्या पायांचे तुकडे पडायचे, वर एके दिवशी साहेब ओरडले, "बाई, पाय उचला! उद्या उशीर झाला तर कायमच्या घरी बसा."

कुंदाच्या घरी तान्हं लेकरू. भीती होतीच, पण संताप भीतीच्याही वर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं टेबल रिकामं.

"माझा चष्मा कुठंय?"

"चहापत्तीशेजारी," कुंदा म्हणाली.

"आणि हातरुमाल?"

"हळदीपाशी, साहेब."

"हा काय चावटपणा?"

"चावटपणा कसला? तुमचीच बाराखडी. पाय उचला!"

टोकापर्यंत जाऊन साहेब धापा टाकत परतले. घाम पुसत म्हणाले, "हळद दाराशी आणा."